पाणी शेवटाला पोचू नये म्हणून

पाटाच्या शेवटाला राहणारी बाई तोंडाची तिखट असते, असं आमच्या गावात म्हणतात. म्हणणारे सगळे पाटाच्या तोंडाशी राहतात. त्यांचं काय जातंय बोलायला? डोंगरावरचं बर्फ वितळून नदी भरली की पहिलं पाणी त्यांच्या मक्याला, पहिलं पाणी त्यांच्या मिरच्यांना. मग सगळ्यांचं झालं की काटक्या, पालापाचोळा आणि कुणाचा तरी वाहून आलेला मोजा घेऊन ते माझ्या दारात येतं. येतं म्हणजे, आलं तर.

लग्न होऊन मी लोस कापुलिनेसला आले, तेव्हापासून पाणी का येत नाही यावरून माझं आणि क्लेओफासचं भांडण चालू आहे. क्लेओफास आमचा पाटकरी. पाणी कधी सोडायचं, कुणाची पाळी केव्हा, कुणी कुणाचं चोरलं, हे सगळं तो बघतो. त्याचं शेत माझ्या शेताला लागून, वरच्या अंगाला. शिवाय माझ्या थोरल्या मुलीचा तो बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून मी त्याला ‘कोम्पाद्रे’ म्हणायचं आणि त्यानं मला ‘कोमाद्रे’. आमच्या उत्तर न्यू मेक्सिकोत हे नातं सख्ख्या भावंडांहून वरचं. यात एकमेकांना अहो-जाहोच करावं लागतं, त्यामुळे आमच्या शिव्यासुद्धा अहो-जाहोतल्या. मनातल्या मनात मात्र मी त्याला ‘अरे’च म्हणते. माझा नवरा गेला, त्याची बायको अदेलायदा गेली, आमचं भांडण तेवढं धडधाकट राहिलं.

आणि यंदा मार्चमध्ये, तीच मी, पाणी माझ्या शेतात पोचू नये म्हणून देवाच्या विनवण्या करत होते.

त्याला कारण जानेवारी. भर थंडीत पाट कोरडा ठणठणीत असतो, काठावर काळं कुत्रं फिरकत नाही. पण क्लेओफासला चैन कुठलं! काठाला घुशीनं बीळ केलंय का ते बघायला गेला आणि वळणावर बर्फावरून घसरून पडला. सकाळचा पडलेला तो दुपार कलली तरी तिथंच. त्याच्या धुराड्यातून धूर दिसेना म्हणून मी शिव्या देतच निघाले आणि तो सापडला. ओठ निळे पडले होते, पण मला बघून म्हणाला काय, तर “कोमाद्रे, इथं बीळ नाहीये.” खुब्याचं हाड चिरलं होतं. वसंतापर्यंत काठी घेऊन चालायला लागला.

त्याचा मुलगा डेल्फिनो फिनिक्सला असतो, घरांना थंड हवेची यंत्रं बसवतो. मार्चमध्ये तो गाडीची मागची बाजू रिकामी करून आला. मी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. शहरात राहून पोराचा आवाज मोठा झालाय, त्यामुळे मला कान टवकारावे लागले नाहीत. थोडेसेच टवकारले.

“बाबा, अर्धा दिवस बर्फात पडून होता तुम्ही!”

“कोमाद्रे आल्या ना.”

“मावशींचं लक्ष गेलं म्हणून. नसतं गेलं तर?”

“कसं नाही जाणार? त्यांना दुसरा उद्योग काय आहे?”

मी हातातले दाणे कोंबड्यांच्या अंगावरच फेकले. डेल्फिनोचा आवाज मग एकदम खाली आला. “मला रात्री झोप येत नाही, बाबा. फोन वाजला की वाटतं, गावाहूनच आला. चला माझ्याबरोबर.”

क्लेओफासची काठी दोनदा जमिनीवर आपटली. मग म्हणाला, “पाट साफ करून पाणी सोडायचंय. शेवटच्या शेतात पाणी पोचलं की निघतो. शब्द दिला.”

क्लेओफासचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आणि शेवटचं शेत कुणाचं? माझं. मी कोंबड्यांच्या मधोमध तशीच उभी राहिले. जातोय तर जाऊ दे की मेला, असं म्हणून बघितलं. ते काही जमलं नाही.

संध्याकाळी मी लिब्रादोच्या स्वयंपाकघरात सभा भरवली. लिब्रादो माझा पलीकडच्या काठाचा शेजारी. त्याच्या पाठीत कायम उसण भरलेली असते, नाचाच्या दिवशी सोडून. तिथंच साबिना होती, ती मधल्या वळणावर राहते. आणि त्रांकिलिनो. त्याच्याबद्दल एवढंच सांगते, की एकदा तो फावड्यावर रेलून झोपला आणि डोक्यावर चिमणी येऊन बसली.

“पाणी शेवटाला पोचलं की आपला पाटकरी फिनिक्सला जातो, आणि पाट साफ झाल्याशिवाय पाणी सुटत नाही,” मी म्हणाले. “मग तो साफ कशाला करायचा?”

“अगं फेमिया, दर घरानं एक माणूस द्यायचाच असतो,” साबिना म्हणाली. “नाही दिला तर पाण्याची पाळी जाते.”

“द्या ना. पण घरातला सगळ्यात आळशी द्या. येऊ दे, फावडं धरू दे, काम तेवढं करू नये.”

त्रांकिलिनोनं मान खाजवली. “म्हणजे मी काय करू?”

“तू दरवर्षी करतोस तेच कर. कमी पडणार नाही.”

घरी येऊन मी आणखी एक बंदोबस्त केला. आमच्याकडे पाऊसपाणी नाही आलं की शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो, त्याची मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवतात. बस म्हणावं शिक्षा भोगत. यंदा बर्फ भरपूर, नदी फुगलेली, संताची काही चूक नव्हती. तरी मी त्याला वळवला. म्हटलं, “राग मानू नकोस. पाण्याकडे तेवढं बघू नकोस, एवढंच.” लोक कशासाठी देव पाण्यात घालून बसतात आणि मी कशासाठी भिंतीला लावून बसले!

सफाईच्या दिवशी सगळे हजर. क्लेओफास आपल्या मापाच्या काठीनं पाटात एकेकाचा वाटा आखून देत गेला. एवढा तुझा, एवढा तुझा. प्रत्येकानं आपल्या वाट्यातला गाळ काढायचा, मुळं तोडायची, काठ तासायचे. सगळ्यांचं झालं की पाटकऱ्यानं “चला पुढं!” म्हणून हाळी द्यायची आणि सगळी रांग वर सरकायची. एकाचा वाटा राहिला तर सगळी रांग अडून राहते. आमचा सगळा भरवसा याच नियमावर होता.

लिब्रादोनं पहिलं फावडं मारलं आणि “आई गं” करून बसला. साबिना कॉफी घेऊन आली, ती गेली, परत घेऊन आली. माझ्या भाच्याला मी पाठवलं होतं, त्यानं एक मूळ पकडलं आणि त्याच्याशी असा झगडत बसला, जणू झाडाच्या पलीकडून कुणी ओढतंय. त्रांकिलिनोनं आपला शब्द पाळला.

काम करत होता एकटा डेल्फिनो. बापाच्या घरचा माणूस म्हणून त्यालाच उतरावं लागलं होतं. माझ्या नवऱ्याचे जुने गमबूट घालून तो असा खणत सुटला होता, की चिखल माझ्या झग्यापर्यंत येत होता. त्याला घाई. पाट लवकर साफ, पाणी लवकर, बाप लवकर गाडीत. गावात एकच माणूस मन लावून काम करत होता, तोही क्लेओफासला न्यायला आलेला!

“डेल्फिनो!” क्लेओफास काठावरून ओरडला. “थडगं खणतोयस की पाट? काठ उभा नको कापूस, कोसळेल. तिरका. अजून तिरका.”

“असा?”

“तसा नाही. तुझी आई याच्याहून बरा पाव कापायची.”

हे असं चाललं होतं. आमच्या पाटाच्या प्रत्येक वळणाला नाव आहे. खेचर बुडालं ते खेचराचं वळण, दोन भावांनी एकमेकांची टाळकी फोडली ते भावांचं वळण. सफाईला आलं की ही नावं निघतात, नावांबरोबर माणसं निघतात, आणि मेलेल्यांची टिंगल जिवंतांइतकीच होते. एका वळणावर जुनं वाळुंजाचं झाड आहे. तिथं डेल्फिनो घाम पुसत म्हणाला, “याचं नाव काय?”

“अदेलायदाचं वळण,” त्रांकिलिनो झोपेतून म्हणाला.

“आईचं?”

क्लेओफास एकदम माती न्याहाळायला लागला. शेवटी मीच सांगितलं. “तुझी आई लग्नाच्या दिवशी इथं पाटात पडली, बाळा. पांढऱ्या झग्यासकट. तुझा बाप तिला काढायला गेला, तर तिनं त्यालाही ओढला. म्हणाली, एकटी भिजून मी चर्चमध्ये जाणार नाही. दोघांनी गळणाऱ्या कपड्यांत लग्न लावलं.”

“मला कुणी कधी सांगितलं नाही.”

“तू सफाईला कधी आलास?” क्लेओफास म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. डेल्फिनो त्या झाडाखाली थोडा वेळ उभा राहिला, मग त्या वळणाचा काठ त्यानं इतका हळू आणि इतका तिरका तासला, की बापाला बोलायला जागाच उरली नाही.

पण आमची रांग काही सरकेना. दुपारपर्यंत एका शेताची लांबीसुद्धा झाली नव्हती. क्लेओफास खालपासून वरपर्यंत चालत आला, एकेकाचा वाटा बघितला. मला वाटलं आता शिव्या पडणार, आणि शिव्या घालता घालता दिवस जाईल, बरंच होईल. त्यानं शिव्या दिल्या नाहीत. “मी पाटकरी झाल्यापासून इतकी घाण सफाई बघितली नाही,” एवढंच म्हणाला, आणि चालायची काठी काठावर ठेवून, दुखऱ्या खुब्यासकट, स्वतः पाटात उतरला. त्रांकिलिनोच्या हातचं फावडं घेतलं आणि त्रांकिलिनोचा वाटा उपसायला लागला.

झालं! माझी सगळी अक्कल तिथंच चिखलात गेली. म्हातारा माणूस खणतोय आणि आपण रेलून बघतोय, हे कुणाला सोसतं? आधी माझा भाचा ते मूळ एका झटक्यात तोडून मोकळा झाला. मग लिब्रादोची पाठ बरी झाली. शेवटी तर त्रांकिलिनो धावला. त्याला धावताना गावानं पहिल्यांदाच बघितलं. मी काठावरून डोळे वटारत होते, पण माझ्याकडे बघतो कोण! दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाट असा स्वच्छ झाला, की त्यात जेवायला बसावं. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

सकाळी बंधाऱ्यावरून पाणी सोडलं.

पहिलं पाणी कधी धावत येत नाही. रांगतं. पुढं फेस, काटक्या, वाळलेली पानं, मागं तपकिरी पाणी; भेग दिसली की थांबतं, ती भरतं, मग पुढं येतं. सगळं गाव त्याच्या बरोबरीनं काठाकाठानं चालतं. क्लेओफास पुढं, त्याच्यामागं डेल्फिनो, मागं आम्ही. प्रत्येक दारापाशी कुणी ना कुणी उभं. कुणी म्हणे, खुबा कसा आहे. कुणी म्हणे, गेल्या साली माझ्या पाळीत पाणी कमी सोडलंस, मी विसरलो नाही. साबिनानं त्याच्या हातात गरम तोर्तिया कोंबली. एकीनं खिडकीतून, “जिवंत आहेस अजून?” म्हणून विचारलं. डेल्फिनो हे बघत होता. मी डेल्फिनोला बघत नव्हते. मी पाण्याला बघत होते, आणि त्याला एखादं बीळ सापडावं म्हणून वाट बघत होते.

बीळ नव्हतं. क्लेओफासनं जानेवारीत पाहून ठेवलं होतं ना.

माझ्या शेताच्या तोंडाशी लाकडी फळीचं दार आहे. तिथं पाट संपतो. उरलेलं पाणी माझ्या शेतातूनच ओघळानं नदीला परत जातं. आणि ज्याचं दार त्यानंच उघडायचं, पाटकऱ्यानंसुद्धा हात लावायचा नाही, हा आमचा कायदा. पाणी फळीपाशी आलं, तिला टेकलं आणि हळूहळू चढायला लागलं.

“कोमाद्रे, उघडा,” क्लेओफास म्हणाला.

“नाही उघडत.”

“फुगलीय का फळी?”

“फळीला काही झालेलं नाही. मी उघडत नाही.”

पाणी वर येत होतं. क्लेओफासनं टोपी मागं सारली. “जन्मभर पाणी नाही, पाणी नाही म्हणून माझं डोकं खाल्लंत. आज दारात आलंय तर–”

“मला नको आजचं पाणी.”

“फेमिया!” मागून लिब्रादो ओरडला. “काठावरून यायला लागलंय! माझे वाटाणे!”

“तुझे वाटाणे गेले खड्ड्यात!” मी म्हणाले, आणि मग क्लेओफासकडे वळले. “तुम्ही शब्द दिलात. शेवटच्या शेताच्या नावानं दिलात. शेवटचं शेत माझं. देताना मला विचारलंत?”

“तुम्हाला कशाला विचारायचं?”

“कारण तुम्ही जायला मला नको आहे! झालं? ऐकलंत सगळ्यांनी? हा माणूस गेला तर सकाळी उठून मी करू काय? बोलू कुणाशी? कोंबड्यांशी? त्या उलट उत्तर देत नाहीत!” माझा आवाज फाटला. रडणार नव्हते मी, पण रडले, सगळ्या गावासमोर.

कुणी हसलं नाही. त्रांकिलिनो तेवढा हळूच म्हणाला, “अरे देवा. म्हणजे ती भांडणं पाण्यासाठी नव्हतीच.”

क्लेओफासनं टोपी काढून हातात घेतली. काहीतरी बोलेल असं वाटलं. तो बोलला, “कोमाद्रे, लिब्रादोचे वाटाणे बुडतायत.”

बस, एवढंच. पण या पाटाचं पाणी पिऊन म्हातारी झालेली बाई डोळ्यांदेखत पाणी वाया कसं जाऊ देईल? हात आपोआप फळीकडे गेले. मी ती उचलली. पाणी आत शिरलं, पहिल्या सरीत गेलं, भेगाळलेली जमीन बुडबुडे सोडत पाणी प्यायला लागली. ओल्या मातीचा वास आला. एरवी मला त्या वासानं आनंद होतो.

“पोचलं,” क्लेओफास डेल्फिनोला म्हणाला. “पेटी भरून ठेवलीय. आणतो.” आणि काठी टेकत घराकडे चालू लागला. सवलत मागितली नाही, मागं बघितलं नाही. तसला माणूस आहे मेला.

लोक पांगले. डेल्फिनो माझ्या बांधावर उभा राहून सरीमागून सरी भरताना बघत होता.

“मावशी,” तो म्हणाला, “पाट वाहत असताना बाबा पडले, तर कुणाला कळेल?”

“पडायची काय हिंमत आहे त्याची!” मी नाक पुसत म्हणाले. “माझ्या दारात पाणी कॉफी उकळेपर्यंत जरी थांबलं, तरी मी सोटा घेऊन काठानं वर जाते. मधे साबिना उभी असते, तिचंही थांबलेलं असतं. तिच्या वर आणखी कुणी. पाटकरी फिरला नाही की कचरा अडून पाणी थांबतं; तो जागेवर नाही हे पाणीच सांगतं सगळ्यांना.”

“आणि थंडीत?”

मी फळीला अडकलेल्या काटक्या काढायला वाकले. थंडीत काय होतं ते त्याला ठाऊकच होतं.

क्लेओफास पेटी घेऊन आला, तेव्हा डेल्फिनोनं ती त्याच्या हातातून घेतली आणि गाडीत ठेवायच्या ऐवजी काठावर ठेवली. “बाबा, शब्द तुम्ही मला दिला होता. मी तो सोडतो. अर्धा. पाट वाहतोय तोवर तुम्ही इथं. थंडीत पाट बंद झाला, की मी न्यायला येणार, आणि तेव्हा एक दिवससुद्धा उशीर चालणार नाही. पुढच्या सफाईला मी परत घेऊन येईन. माझं फावडं घेऊन.”

“मला विचारलं कुणी?” क्लेओफास म्हणाला.

“तुम्ही मला विचारलं होतं?” मी म्हणाले.

तो पेटीवर बसला. खुबा दुखत असणार. माझ्या शेतात पसरणाऱ्या पाण्याकडे बघत मुलाला म्हणाला, “तुझ्या फिनिक्सला पाट आहे का?”

“कालवे आहेत, बाबा. मोठे. सिमेंटचे.”

“पाटकरी कोण?”

“पाटकरी नसतो. ऑफिस असतं.”

“मग लोक भांडतात कुणाशी?”

क्लेओफासचा चेहरा असा उतरला, की मला राहवेना.

“फोन आहे ना,” मी म्हणाले. “रोज सकाळी करा मला.”

“फोनवर भांडायचं, कोमाद्रे?”

“थंडीपुरतं,” मी म्हणाले.